सह्याद्रीची घडण आणि झीज
(कुकडी खोऱ्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी माहितीपर लेख)

श्रीक्षेत्र लेण्याद्री येथे गिरिजात्मजाचे आणि श्रीक्षेत्र ओझर येथे विघ्नहराचे दर्शन घेऊन परतणारे अनेक भाविक येडगाव परिसरात काही काळ विसावा घेतात. समोर कुकडीचा जलाशय असतो आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा असतात. डोंगराकडे पाहून हात जोडण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. परंतु हा डोंगर केव्हा निर्माण झाला, कसा निर्माण झाला आणि तो असाच राहणार आहे काय, हे प्रश्न क्वचितच मनात येतात. ज्या डोंगराच्या कुशीत देव वसला आहे त्याची ओळख करून घेणे हाही यात्रेचाच एक भाग आहे. त्या हेतूने प्रस्तुत माहिती येथे देण्यात येत आहे.

संस्कृत भाषेत पर्वताला ‘अचल’ व ‘नग’ अशी नावे आहेत. जो चालत नाही, जो जागचा हलत नाही, असा त्यांचा अर्थ. मात्र त्याच परंपरेत दुसरीही एक कथा सांगितली जाते. पूर्वी पर्वतांना पंख होते व ते आकाशातून संचार करीत. पुढे इंद्राने वज्राने त्यांचे पंख छाटले. एकटा मैनाक तेवढा समुद्रात लपून राहिला आणि लंकेला निघालेल्या हनुमंताला त्यानेच विसावा देऊ केला. भूशास्त्राचा अभ्यास करू लागले म्हणजे ‘अचल’ या नावापेक्षा ही पंखांची कथाच पर्वताच्या वास्तव स्वरूपाच्या अधिक जवळ जाते, असे दिसून येते.

पर्वतांचे निरनिराळे कुळ

सर्वच पर्वत एका रीतीने घडलेले नाहीत. हिमालय हा घडीचा पर्वत होय. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत जाऊन सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशिया खंडाला भिडला. मधल्या समुद्राच्या तळाचे थर चेपले गेले, सतरंजी एका बाजूने लोटावी तशा त्यांना घड्या पडल्या आणि त्या घड्या आभाळात चढल्या. हिमालय आजही उंच होत आहे. वयाच्या मानाने तो तरुण पर्वत आहे.

राजस्थानातील अरवली हाही एके काळी असाच घडीचा व मोठा उंच पर्वत होता. त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक मानले जाते. ऊन, वारा आणि पाऊस यांनी त्याला इतके झिजविले, की आज त्याचे सर्वोच्च शिखर, अबूचे गुरुशिखर, अवघे १७२२ मीटर उंच आहे. उत्तरेकडे तर अरवलीच्या केवळ टेकड्या शिल्लक राहिल्या आहेत. हिमालय हे पर्वताचे तारुण्य मानले, तर अरवली हे त्याचे वार्धक्य म्हणता येईल.

सह्याद्री या दोहोंपेक्षा वेगळा आहे. तो घड्या पडून उचलला गेलेला नाही. तो आधी सपाट पसरला आणि नंतर कोरला गेला.

अग्नीतून आलेला पाषाण

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आजच्या जागी नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेस, हिंदी महासागरात, आजचे रियुनियन बेट जेथे आहे त्या भागावरून उत्तरेकडे सरकत होता. तेथे पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्याचा मोठा लोट वर येत होता. त्याने भूखंडाला लांबच लांब भेगा पडल्या व त्यांतून लाव्हारस उसळून सर्वत्र पसरला. शंकूसारखा एखादा ज्वालामुखी येथे नव्हता. पूर आलेल्या नदीने शिवार व्यापावे, तसा हा रस सखल भागात पसरत गेला आणि थंड होऊन काळा पाषाण बनला. त्यावर दुसरा थर आला, त्यावर तिसरा. यातील बहुतांश उद्रेक दहा लाख वर्षांच्या आतच झाले, असे आता मानले जाते. थरांची एकत्रित जाडी पश्चिम घाटाच्या भागात दोन किलोमीटरपर्यंत भरते. या पाषाणाने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूप्रदेश व्यापला आहे. अर्थात महाराष्ट्राची बहुतेक सर्व भूमी याच पाषाणाची आहे. रियुनियन बेटावरील ज्वालामुखी अद्याप जागृत आहे.

दोन उद्रेकांच्या मध्ये पुष्कळदा मोठा काळ जात असे. त्या अवधीत वरच्या थराची माती होई व पुढच्या लाव्ह्याखाली ती भाजून निघे. घाटातील रस्त्याच्या कापलेल्या बाजूंत काळ्या पाषाणाच्या मधूनच तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो बहुधा या विश्रांतिकाळाची खूण असतो. अशा थरांचे गट पाडून शास्त्रज्ञांनी त्यांना स्थळांची नावे दिली आहेत. त्यांपैकी एका गटाला ‘भीमाशंकर’ हे नाव आहे. ज्योतिर्लिंगाचे नाव अशा रीतीने जगभरच्या भूशास्त्रीय ग्रंथांत पोहोचले आहे, हे भाविकांना जाणून संतोष वाटेल.

हे सर्व थर सारखे नसतात. काही घट्ट, काळे व टणक असतात. काहींत वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिलेल्या असतात व त्यांत पांढरी खनिजे भरलेली असतात. विहिरी खोदणारे लोक पहिल्यास काळा फत्तर व दुसऱ्यास मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या लवकर झिजतो, फत्तर टिकून राहतो. त्यामुळे डोंगराच्या अंगावर एकाआड एक कडे व उतार तयार होतात आणि डोंगर दुरून पायऱ्यांसारखा दिसतो. या पाषाणास ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातील ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या माणसांनी बांधल्या. डोंगराच्या पायऱ्या त्यापूर्वीच तयार होत्या.

डोंगर कोरला गेला

लेणे बांधले जात नाही, ते कोरले जाते. नको असलेला दगड काढून टाकला की जे उरते ते लेणे. लेण्याद्रीला गिरिजात्मज ज्या लेण्यात विराजमान आहेत त्या प्रशस्त दालनात एकही खांब नाही. छत, भिंती आणि भूमी एकाच अखंड पाषाणाची आहेत. सह्याद्रीचेही नेमके असेच आहे. दऱ्या कोरल्या गेल्या म्हणून डोंगर उरले. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले ज्या डोंगरांवर आहेत ते स्वतंत्रपणे वर आलेले नाहीत. एके काळी त्यांच्या माथ्यांची पातळी व त्याहून वरची पातळीही सलग होती. मधला भाग पाण्याने वाहून नेला.

हे कोरीव काम पश्चिमेकडून अधिक जोराने झाले. लाव्ह्याचा पूर थांबल्यानंतर थोड्याच काळात, म्हणजे सुमारे ६ कोटी ३० लाख ते ६ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून तुटून वेगळा झाला. त्या तुटीच्या काठाने पश्चिमेकडील जमीन खचली आणि अरबी समुद्राला जागा झाली. उरलेल्या उंच काठावरून पाणी वेगाने समुद्राकडे धावू लागले व तो काठ कुरतडत पूर्वेकडे हटवू लागले. आजचा घाटमाथा म्हणजे त्या मागे हटलेल्या काठाची सध्याची जागा होय. कोकणची पट्टी ही या झिजेतूनच मोकळी झाली. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले असता हा काठ जणू कापून ठेवल्यासारखा दिसतो.

पर्वत इतकी वर्षे झिजत असता संपून कसा गेला नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. भरलेल्या नावेतील ओझे उतरविले म्हणजे नाव पाण्यातून वर येते. त्याचप्रमाणे डोंगरावरील दगडमाती वाहून गेली म्हणजे भूपृष्ठावरील भार कमी होतो व खालील भूमी हळूहळू वर उचलली जाते. झीज आणि उत्थान ही दोन्ही एकत्र चालतात. म्हणूनच कळसूबाईचे शिखर आजही १६४६ मीटर उंचीवर आहे.

एका थेंबाच्या दोन वाटा

नाणेघाटाच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. कड्याच्या पश्चिमेस पडलेला थेंब काही तासांत कोकणात उतरतो आणि शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास करून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेस पडलेला थेंब कुकडीत येतो. कुकडी घोडेला, घोड भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते. हजार किलोमीटरहून अधिक वाट चालून हे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. पश्चिमेची वाट आखूड व उभी आहे, म्हणून तेथे झीज जलद होते. पूर्वेची वाट लांब व संथ आहे, म्हणून इकडे रुंद खोरी व माती साठली. पूर गावी कुकडेश्वराच्या प्राचीन मंदिराचे दर्शन घेणाऱ्यांनी तेथील लहानसा प्रवाह अवश्य पाहावा. कुकडीचे खोरे कोरण्याचे काम याच प्रवाहाचे आहे.

नारायणगाव-जुन्नर भागातील टोमॅटो, कांदा व द्राक्षे ज्या जमिनीत पिकतात ती काळी माती म्हणजे विरघळलेला सह्याद्रीच होय. उन्हाने तापून व थंडीने आकसून पाषाणाला बारीक तडे जातात. पावसाचे पाणी त्यांत शिरते व दगडाला आतून कुजविते. दगड कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जातो, त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची माती होते. इंचभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात.

कुकडीच्या काठचे दोन पुरावे

नदी काय करते याचे दोन उत्तम पुरावे याच नदीच्या काठी आहेत. पहिला येडगावपासून खाली बोरी बुद्रुक येथे आहे. तेथे नदीकाठच्या गाळात पांढुरक्या ज्वालामुखीय राखेचा थर सापडला आहे. ही राख सह्याद्रीची नव्हे. ती इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची आहे, असे तिच्या परीक्षणावरून मानले जाते. ती कोणत्या उद्रेकाची, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. काहींच्या मते ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची, तर काहींच्या मते त्याहून पुष्कळच जुनी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी या स्थळाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली आहेत. सागरापलीकडची राख या नदीने आपल्या गाळात जपून ठेवली.

दुसरा पुरावा अहिल्यानगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातील निघोज येथे आहे. मळगंगा देवीच्या कुंडाजवळ कुकडीच्या पात्रातील काळ्या पाषाणात रांजणासारखे खोल खळगे पडलेले आहेत. पुराच्या पाण्यात भोवरे निर्माण होतात व त्यांत अडकलेले गोटे गरगर फिरून पाषाण घासत राहतात. जात्याने पीठ दळावे तसे हे दळण युगानुयुगे चालू आहे. टणकातला टणक फत्तरही पाण्यापुढे कसा नमतो, हे येथे डोळ्यांनी पाहता येते.

येडगावचे धरण या वाटेवर आहे. कुकडी प्रकल्पाच्या माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, डिंभे व येडगाव या पाच धरणांपैकी ते एक होय. नदीने आणलेला गाळ पूर्वी पुढे जात असे, तो आता जलाशयात बसतो. डोंगरावरची माती जितक्या वेगाने सुटेल तितक्या वेगाने जलाशयातील पाण्याची जागा कमी होईल. डोंगराची झीज हा केवळ अभ्यासाचा विषय नाही, तो शेतीच्या पाण्याचाही विषय आहे.

काळाचे माप

सहा कोटी साठ लाख वर्षे ही संख्या मनात ठरत नाही. म्हणून हा सर्व काळ एका वर्षात बसविला अशी कल्पना करावी. १ जानेवारीस लाव्हा वाहू लागला व आज ३१ डिसेंबरची मध्यरात्र आहे. या हिशेबाने लाव्ह्याचा मुख्य पूर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच थांबला. त्यानंतरचे सारे वर्ष झिजेचे आहे. जुन्नर परिसरातील लेणी कोरण्यास शेवटच्या दिवशी, रात्री पावणेबाराच्या सुमारास आरंभ झाला. शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म झाला (१६३०) त्यास अवघी तीन मिनिटे होत आहेत.

लेण्याद्रीच्या चैत्यगृहात एक शिलालेख आहे. कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या दात्याने दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. सुमारे अठराशे वर्षांनंतरही तो वाचता येतो, इतका हा पाषाण सावकाश झिजतो. मात्र डोंगराच्या अंगावरील मातीचे तसे नाही.

माळीणची आठवण

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण या गावावर डोंगराचा उतार कोसळला. काही क्षणांत घरे, गोठे, झाडे आणि माणसे चिखलाखाली गाडली गेली. या दुर्घटनेत १५१ जणांचा मृत्यू झाला. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस. टी. बसच्या चालकाला गावाच्या जागी चिखलाचा ढिगारा दिसला व त्याच्यामार्फत ही वार्ता बाहेर पोहोचली. वाचलेल्या कुटुंबांचे २०१७ मध्ये आमडे येथे पुनर्वसन करण्यात आले. पुढे २०२१ मध्ये रायगड जिल्ह्यात तळिये व २०२३ मध्ये इर्शाळवाडी येथेही अशीच आपत्ती ओढवली.

माळीण येथे कोसळला तो काळा फत्तर नव्हे. उभ्या उतारावर फत्तराला बिलगून बसलेला मुरूम व माती यांचा जाड थर पाण्याने जड होऊन घसरला. अतिवृष्टी, तीव्र उतार, उतारावर झालेले सपाटीकरण व पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजणे यांचा उल्लेख अभ्यासकांनी कारणांमध्ये केला आहे. डोंगराची झीज थांबविणे मनुष्याच्या हाती नाही. ती कोट्यवधी वर्षे चालली आहे व पुढेही चालणार आहे. परंतु हजारो वर्षांत सावकाश उतरावयाची माती एका सकाळी उतरावी की न उतरावी, यात मनुष्याच्या वागण्याचा वाटा निश्चितच असतो. झाडांची मुळे मातीला बांधून धरतात. मोकळे ओढे व चर पावसाचे पाणी उतारात न मुरता बाहेर नेतात. झाडे तोडली, ओढे बुजविले आणि उताराचा पायथा खणला, म्हणजे निसर्गाचे संथ काम आपणच घाईचे करून ठेवतो.

घाटमाथ्यावर राहणाऱ्या अगर पावसाळ्यात तेथे मुक्कामास जाणाऱ्या भाविकांनी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात. उतारावर नव्याने पडलेल्या भेगा, एकाएकी कललेली झाडे किंवा विजेचे खांब, घराच्या भिंतींना गेलेले तडे व अडकू लागलेली दारे, नेहमी स्वच्छ असणाऱ्या झऱ्याला आलेले गढूळ पाणी, अथवा नवीनच फुटलेला झरा. यांपैकी काही आढळल्यास विलंब न करता उतारापासून दूर सुरक्षित जागी जावे व ग्रामपंचायतीस अथवा तहसील कार्यालयास कळवावे.

भाविकांस व देणगीदारांस विनंती

डोंगरावरील देवस्थानास जाताना पायऱ्यांचाच मार्ग धरावा. आडवाटेने उतरल्यास गवत तुटते, मातीला वाट होते आणि पावसाळ्यात त्याच वाटेचा ओहोळ होतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या व बाटल्या ओढ्यात टाकू नयेत. त्यांनी पाण्याची वाट तुंबते. पावसाळ्यात माळशेज घाटासारख्या ठिकाणी कड्याखाली वाहन उभे करून थांबू नये.

देणगीदारांचे औदार्य सर्वश्रुत आहे. सभामंडप, पायऱ्या, दीपमाळ यांसाठी दान देण्याची परंपरा सुलसदत्ताच्या काळापासून या भूमीत चालत आली आहे. त्या दानाबरोबरच उतारावर लावलेली व जगविलेली देशी झाडे, दगडी बांध, मोकळे केलेले ओढे आणि जलाशयातून काढून शेतात नेलेला गाळ, हेही दान समजले जावे. अशा कामावर नावाची फरशी बसत नाही, हे खरे. परंतु त्याने एखादे घर आणि एखादे शेत जागेवर राहते.

सह्याद्री अग्नीने दिला, पाण्याने कोरला आणि मातीच्या रूपाने तो रोज थोडा थोडा आपल्या ताटात येतो. दर्शन घेऊन घरी परतताना त्याच्याकडे एकदा या दृष्टीने पाहावे आणि मगच पुढील प्रवासास निघावे.